पावतीपुस्तक कोणाच्या हाती द्याल?

उपासक-उपासिकांनो,

विहारात बैठक भरते. वंदना होते. छप्पर गळते आहे, अभ्यासिकेत दिवे नाहीत, परगावी शिकणाऱ्या एका मुलीची वसतिगृहाची फी भरावयाची आहे, असे विषय एकामागून एक निघतात. ठराव एकमताने संमत होतो. मग अध्यक्ष पावतीपुस्तक पुढे करून विचारतात, "वर्गणीस कोण निघणार?" आणि इतका वेळ उंच स्वरात बोलणारे सारे जण खाली मान घालून चटईकडे पाहू लागतात. शेवटी कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठतात आणि पुस्तक हाती घेतात. गेली वीस वर्षे तेच उठत आले आहेत. कोणाचा पगार कोणत्या तारखेस होतो, कोणत्या घरी सकाळी जावे, कोणापाशी विषय कसा काढावा, हे सारे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आहे. एक दिवस असा येईल की ते उठणार नाहीत. त्या दिवशी त्या विहाराचे, त्या अभ्यासिकेचे आणि त्या मुलीचे काय होईल, हा प्रश्न आज आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहो.

आमच्या संस्थांना पैसा कमी पडतो, ही तक्रार जुनी आहे. परंतु पैशाहून मोठी उणीव माणसांची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. समाजाकडून उजळ माथ्याने वर्गणी मागणारी, तिचा चोख हिशेब देणारी आणि हेच काम दुसऱ्यास शिकविणारी माणसे आम्ही तयार करीत नाही. ती आपोआप निपजतील अशा भरवशावर आम्ही बसलो आहो. शिंपी आपल्या मुलास कात्री धरावयास शिकवितो, गवंडी हाताखालच्या पोरास ओळंबा धरावयास शिकवितो. परंतु ज्या कामावर साऱ्या संस्था उभ्या राहावयाच्या, ते काम मात्र कोणी कोणास शिकवावयाचे नाही, ही कोठली रीत?

या संकोचाचे मूळ कोठे आहे, हे प्रथम पाहू. दुसऱ्याच्या दारात उभे राहून काही मागणे, या कल्पनेनेच आपल्या तरुणास लाज वाटते. आणि ती लाज निष्कारण नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांनी गावच्या दारोदार भाकरी मागितली आहे. जोहार घालून, अंगणाच्या बाहेर उभे राहून, शिळे तुकडे पदरात घेतले आहेत. गावकीची राबणूक करावयाची आणि त्याच्या बदल्यात हक्काच्या नावाखाली भीक घ्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ही भाकरी मागण्याची चाल सोडा असे निक्षून सांगितले. 1928 साली त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. कनिष्ठ गाव-वतने कायद्याने नष्ट व्हावयास मात्र 1958 साल उजाडावे लागले. इतक्या कष्टाने जो हात मागे घेतला, तो पुन्हा पुढे कसा करावा, असे आपल्या तरुणास वाटले तर त्यास दोष कसा द्यावा?

पण वाचकहो, येथेच विवेक करावयास हवा. भाकरी मागणारा स्वतःसाठी मागत होता, आणि देणारा त्यास आपल्याहून हीन समजून देत होता. वर्गणी मागणारा स्वतःसाठी एक पैसाही मागत नाही. तो तुमच्याच मुलांच्या शाळेसाठी, तुमच्याच विहारासाठी तुमच्यापाशी येतो. देणारा आणि मागणारा एकाच पंगतीचे आहेत. भाकरीच्या तुकड्याची पावती कोणी देत नसे आणि त्याचा हिशेब कोणी विचारीत नसे. वर्गणीची पावती मिळते, आणि तिचा हिशेब मागण्याचा प्रत्येक देणाऱ्यास अधिकार असतो. पहिल्या मागण्याने माणूस वाकला. दुसऱ्या मागण्याने समाज ताठ उभा राहतो. पावतीपुस्तक तरुणाच्या हाती देण्यापूर्वी हा भेद त्याच्या मनात पक्का रुजविणे, हेच त्याच्या शिक्षणाचे पहिले पाऊल होय.

आता आपल्या चळवळीच्या इतिहासाकडे वळू. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' पाक्षिक निघाले. त्याच्या आरंभास छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. देणगी उदार होती आणि वेळेवर आली. परंतु त्याच वर्षी बाबासाहेबांना अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला जावे लागले, आणि 1923 साली ते पत्र बंद पडले. पुढे 1927 च्या एप्रिलात 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहून काढावे लागत. तेही 1929 साली थांबले. ज्या विद्वत्तेस जगात तोड नव्हती, तिलाही मागे नियमित वर्गणीदार नसल्यामुळे लेखणी थांबवावी लागली. यातून घ्यावयाचा धडा असा की, एका मोठ्या देणगीने कार्यास आरंभ होतो, पण ते चालते अनेकांच्या लहान आणि नियमित वर्गणीवर. आणि ती नियमित वर्गणी गोळा करावयास नियमाने फिरणारी माणसे लागतात.

बाबासाहेबांनी हे पुरतेपणी ओळखले होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जे भाषण केले, त्यात धम्माच्या कार्यासाठी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा किमान विसावा हिस्सा देण्याचा निश्चय करावा, असे सांगितले. हे मागणे श्रीमंतांपुढे ठेवलेले नव्हते. अंगावरच्या पांढऱ्या वस्त्राखेरीज ज्यांच्यापाशी फारसे काही नव्हते, अशा लक्षावधी माणसांना ते सांगितले गेले. त्यात समतेचे तत्त्व आहे. ज्याचे उत्पन्न महिन्यास 20,000 रुपये त्याचा विसावा हिस्सा 1,000 रुपये, आणि ज्याचे 2,000 त्याचा 100. रक्कम निरनिराळी, पण दोघांचा त्याग सारखा मोजला जातो. विसावा हिस्सा आज साधत नसेल तर थोड्यापासून आरंभ करा. शंभर कुटुंबांनी महिन्यास शंभर रुपये नियमाने दिले तरी वर्षाकाठी 1,20,000 रुपये होतात. एका वस्तीची अभ्यासिका त्यावर सहज चालेल. परंतु शंभर घरी बारा महिने कोण जाणार? आपण पुन्हा त्याच प्रश्नाशी येतो.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून एक शंका वारंवार ऐकू येते. "धर्म बदलला, पण वर्गणी काही सुटली नाही. पूर्वी देवीच्या जत्रेची होती, आता विहाराची आहे." ही शंका उद्धटपणाची समजून कोणी रागावू नये, ती रास्त आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. जत्रेची वर्गणी भयाची होती. न द्यावी तर देवी कोपेल, गाव वाळीत टाकील, अशी धास्ती होती. तिचा हिशेब विचारणारे आपण कोण? तो अधिकारच आपल्याला नव्हता. धम्मात भयाला जागा नाही. वर्गणी न दिल्याने तुमचे काही अशुभ होणार नाही, असे मागणाऱ्याने स्वतःहून सांगावे. द्यावयाची ती कार्य पटले म्हणून, आणि दिल्यावर विचारावयाचे ते हक्काने. ज्या कार्यकर्त्याला या शंकेचे उत्तर शांतपणे देता येते तोच वर्गणीस जाण्यास योग्य, असे आम्ही म्हणू. आणि असे उत्तर देणे शिकवावे लागते.

शिकविल्याने माणसे कशी घडतात, याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढला. त्यात आरंभी प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. आपल्या भगिनींचे दुःख त्या आश्रमाच्या कक्षेत नव्हते, हे आम्ही विसरत नाही. पण चांगला धडा कोणाच्याही घरचा असो, तो घ्यावा. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या अकाली वैधव्य आलेल्या, लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाई. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, तेथील कारभार पाहू लागल्या आणि गावोगाव व्याख्याने देऊन आश्रमासाठी निधी जमवू लागल्या. पुढे 1918 साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी कामे करून इंग्रजी शिकल्या आणि तेथेही संस्थेसाठी त्यांनी मदत मिळविली. स्वतः कर्वेही वयाची सत्तरी उलटल्यावर परदेशांत निधीसाठी हिंडले. मात्र एकट्याच्या पायपिटीवर संस्था टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी 1908 सालीच निष्काम कर्म मठ स्थापन केला होता. संस्थेला वाहून घेणारे सेवक तयार करणे, हाच त्याचा हेतू. पैसा जमविण्याबरोबर माणसेही घडविली, म्हणून ते कार्य संस्थापकाच्या मागेही चालू राहिले.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंडही ध्यानात घेण्याजोगा आहे. दळणाच्या वेळी घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूस काढून ठेवावे आणि ते वसतिगृहातील मुलांस जावे, अशी ती योजना. लक्ष्मीबाई पाटलांनी तर वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी स्वतःचे दागिने मोडले. अशा घरातून मागणे आले म्हणजे नाही म्हणणे जड जाते. जो मागतो त्याने प्रथम स्वतः दिलेले असावे, हा नेतृत्वाचा पहिला नियम येथे दिसतो. पावतीपुस्तकातील पहिली पावती मागणाऱ्याच्या स्वतःच्या नावाची असली पाहिजे.

आता शिकवावे कसे, ते सांगतो. याला मोठे शिबिर लागत नाही. लागतो तो जुन्या कार्यकर्त्याचा संयम.

जुन्या कार्यकर्त्याने प्रत्येक फेरीत एक तरुण किंवा तरुणी बरोबर न्यावी. पहिल्या फेरीत नवख्याने केवळ पाहावे आणि ऐकावे. दुसऱ्या फेरीत ओळखीच्या चार घरी त्याने बोलावे आणि जुन्याने गप्प बसावे. हे गप्प बसणेच सर्वांत कठीण. नवखा अडखळला की आपले बोलणे मध्ये घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. आपण मध्ये बोललो तर त्या घरची वर्गणी मिळेल, पण कार्यकर्ता हातचा जाईल. अडखळत का होईना, ते घर त्याचे त्यालाच पार पाडू द्यावे.

घराबाहेर पडल्यावर वाटेने चालताना त्याला उपदेश करू नये, प्रश्न विचारावेत. त्या घरच्या माणसाने खरोखर काय विचारले? तू काय उत्तर दिलेस? पुन्हा त्याच घरी गेलास तर काय निराळे करशील? उत्तर त्याच्या तोंडून निघू द्यावे. दुसऱ्याने दाखविलेली चूक माणूस विसरतो, पण स्वतः ओळखलेली विसरत नाही. चूक सांगावयाचीच असेल तर एकांतात सांगावी, आणि चांगले केले असेल तर बैठकीत सर्वांसमक्ष सांगावे. आपल्याकडे नेमके उलट घडते. चूक चारचौघांत निघते आणि शाबासकी मनातच राहते. मग तरुण पुढच्या बैठकीस येत नाहीत, आणि आपण त्यांनाच दोष देतो.

नकार कसा घ्यावा, हेही शिकवावे. धम्मपदात भुंग्याची उपमा आहे. तो फुलाचा रस घेतो, पण फुलाच्या रंगाला वा गंधाला बाध आणीत नाही. वर्गणी मागणाऱ्याची रीत तशी असावी. ज्या घरी आजारपण आहे, ज्याचे काम सुटले आहे, त्या घरी वर्गणीचा विषय काढू नये. विचारपूस करून यावे, आणि शक्य तर संस्थेकडून काही मदत होईल का ते पाहावे. कोणी किती दिले याची जाहीर तुलना करून गरिबास खाली पाहावयास लावू नये. "आज नाही" असे जो म्हणाला त्याचे आभार मानून यावे. त्याचे दार पुढच्या वर्षी उघडे राहिले पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत नवख्याने किती रुपये आणले हे मोजू नका. किती घरी तो गेला आणि किती घरी त्यास पुन्हा बोलावणे झाले, ते मोजा.

आणि हे काम केवळ पुरुषांवर सोपवू नका. जुलै 1942 मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेस हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्या स्वतःच्या निश्चयाने आल्या होत्या. घरखर्चातून काय वाचू शकते, हे घरच्या बाईला ठाऊक असते, आणि दुसऱ्या बाईशी तीच मोकळेपणी बोलू शकते. पण स्त्रियांना वर्गणीस पाठवावयाचे आणि पैशाचा निर्णय मात्र पुरुषांनी घ्यावयाचा, हे चालणार नाही. ज्या भगिनी वर्गणी आणतील त्यांतील एक तरी खजिनदार असली पाहिजे.

हिशेबाविषयी चार शब्द स्पष्टपणे सांगतो, कारण आमच्या अनेक संस्था याच खडकावर फुटल्या आहेत. दर पौर्णिमेस वंदनेनंतर महिन्याचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. बँकेतून पैसे काढावयास दोघांच्या सह्या असाव्यात. आता पुष्कळ लोक मोबाईलवरून पैसे पाठवितात. सोय चांगली आहे. पण क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असावा, कोणा कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा नसावा, मग तो कितीही सचोटीचा असो. प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचविणे हेही संस्थेचे कर्तव्य आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे नोंदलेल्या संस्थेवर हिशेब ठेवण्याचे आणि तो तपासून घेण्याचे बंधन आहे. प्राप्तिकर खात्याची मान्यता असलेल्या संस्थेस दिलेल्या देणगीवर जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्यास सवलत मिळते. मात्र 2017 सालापासून 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. नोकरदार घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यास एवढी माहिती तोंडपाठ हवी. जो "विचारून सांगतो" म्हणतो आणि पुन्हा येत नाही, त्याच्यावरचा विश्वास उडतो.

कोणी म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? वर्गणी आणणाऱ्यास टक्केवारी द्या, म्हणजे माणसे आपोआप निघतील." हा मार्ग आम्हांस मान्य नाही. पूर्ण वेळ काम करणाऱ्या सेवकास रास्त वेतन अवश्य द्या. उपाशीपोटी सेवा करा असे सांगण्याचा कोणास अधिकार नाही. पण वर्गणीतील हिस्सा हे वेतन होऊ देऊ नका. ज्याला टक्केवारी मिळते तो गरिबाच्या घरी जाणार नाही, मोठ्या रकमेच्या मागे लागेल; आणि देणाऱ्याच्या मनात शंका राहील की हा विहारासाठी मागतो की स्वतःसाठी. मग ज्या मागण्यातून आपण बाहेर पडलो, त्याच मागण्यात पुन्हा जाऊन पडू.

दुसरे कोणी म्हणतील, "सरकारी अनुदान मिळवावे." जे हक्काचे आहे ते अवश्य मिळवावे. पण अनुदान आज आहे, उद्या नाही. त्याला अटी असतात आणि ते देणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. हक्कासाठी सरकारशी झगडण्याची वेळ आली तर सरकारच्याच पैशावर उभी असलेली संस्था किती बोलू शकेल? आपल्याच माणसांच्या शंभर-शंभर रुपयांवर उभी असलेली संस्था मात्र निर्भयपणे बोलू शकते. म्हणून वर्गणी हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे, तो स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

वाचकहो, येत्या पौर्णिमेस तुमच्या विहारात बैठक होईल तेव्हा दोन गोष्टी करा. जे वृद्ध गृहस्थ वर्षानुवर्षे उठत आले आहेत त्यांचे आभार माना, आणि त्यांना आदराने विनंती करा की, "आजोबा, या वेळी एकटे जाऊ नका, आमच्यापैकी दोघांना बरोबर घ्या आणि बोलावयाचे काम आम्हांस द्या." आणि तुम्ही स्वतः जुने कार्यकर्ते असाल, तर आपल्या डोक्यातील घरांची यादी एका वहीत उतरवा आणि ती वही संस्थेच्या कपाटात ठेवा. पैसा आज जमेल, उद्या खर्च होईल. मागे उरतील ती तुम्ही घडविलेली माणसे.

अध्यक्ष पुढच्या वेळी पावतीपुस्तक पुढे करतील तेव्हा चटईकडे पाहू नका. हात पुढे करा.

जय भीम.